माणूस चंद्रावर खरंच गेला होता का? दगड तपासणाऱ्याचं उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. एका ताईंचा मुलगा बारावीला आहे. मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघून त्याचं ठाम मत झालंय की अमेरिकेची १९६९ ची अपोलो ११ ही चांद्रमोहीम म्हणजे स्टुडिओत रचलेला देखावा होता. फोटोत तारे नाहीत, हवा नसताना झेंडा फडफडतो, आणि एकदा जमलं होतं तर पुढची पन्नास वर्षं कुणी का उतरलं नाही, असे त्याचे मुद्दे. ताई समजावायला गेल्या तर तो म्हणाला, "तू होतीस का तिथे बघायला? तूसुद्धा ऐकीवच सांगतेयस ना?" यावर ताईंना काही बोलता आलं नाही.

ताई, तुमच्या मुलाचा हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. त्यासाठी त्याला रागावू नका. जिथे आपण नव्हतो तिथे काय घडलं हे कशावरून ठरवायचं, असं तो विचारतोय. मी गेली तीसेक वर्षं महाविद्यालयात भूविज्ञान शिकवतो आणि माझा सगळा दिवस याच प्रश्नात जातो. सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. ते बघायला माणूस नावाचा प्राणीच नव्हता. तरी तो लाव्हा किती तापलेला होता, कोणता थर आधी आला, कोणता नंतर, हे आम्ही सांगतो, कारण दगडात ते लिहिलेलं राहतं. ते वाचायला मात्र शिकावं लागतं.

दोन गोष्टी आधीच कबूल करतो. रॉकेट आणि कॅमेरे हा माझा विषय नाही, त्यामुळे त्यावर मी थोडंच बोलेन. आणि मुलाशी कसं बोलायचं हे तो कुठून विचारतोय यावर अवलंबून आहे. त्याला खरोखर शंका असेल तर खाली लिहिलंय ते त्याच्यासोबत बसून वाचा. नुसतं वादात जिंकायचं असेल तर आज वाचूनही उपयोग होणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या.

फोटोंचं पटकन उरकतो. चंद्रावर उतरले तेव्हा तिथे दिवस होता. लख्ख उन्हातली जमीन आणि पांढरे पोशाख नीट यावेत म्हणून कॅमेऱ्याचं छिद्र लहान आणि वेळ कमी ठेवावा लागतो, त्यात तारे उमटत नाहीत. लग्नाच्या मांडवात हॅलोजनच्या झोतात उभ्या असलेल्या नवरानवरीचा फोटो काढून बघा, मागच्या आकाशात एक तारा दिसणार नाही. ताऱ्यांचे फोटो घ्यायचे होते तेव्हा त्यांनी वेगळी सोय केली. १९७२ मध्ये अपोलो १६ सोबत जॉर्ज कॅरदर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा गेला आणि त्याने चंद्रावरून तारे टिपले. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. दांडा जमिनीत रोवताना हात हलला की कापड हलायचं, आणि हेलकावे थांबवायला हवा नसल्यामुळे ते बराच वेळ हलत राहायचं.

नंतर का गेले नाहीत? ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर पैशात आणि राजकारणात आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता आणि सुमारे चार लाख माणसं या कामाला लागली होती. रशियाच्या आधी पोहोचायचं होतं. पोहोचले. मग अपोलो १८, १९ आणि २० या ठरलेल्या मोहिमाही रद्द झाल्या, आणि डिसेंबर १९७२ मधली अपोलो १७ शेवटची ठरली. अवघड काम एकदा जमलं म्हणजे ते चालूच राहतं असं होत नाही. त्याला पैसा पुरवत राहणारं कुणीतरी लागतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. सहा मोहिमांमध्ये बारा माणसं चंद्रावर उतरली आणि त्यांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. व्हिडिओ बनवणारे या ३८२ किलोंबद्दल फारसं बोलत नाहीत. मी सुरुवात तिथूनच करतो.

दगड तपासायचा म्हणजे त्याचा पातळ छेद करायचा. सुपारीएवढा तुकडा हिऱ्याच्या करवतीने कापतात, एक बाजू गुळगुळीत करून काचपट्टीला चिकटवतात, आणि दुसरी बाजू कार्बोरंडम या कठीण पदार्थाच्या पुडीवर पाण्यासोबत घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणतात. इतका पातळ झाला की काळा कुळकुळीत दगडही उजेड आरपार सोडतो. शेवटच्या टप्प्यात बोटाचा दाब जरा जास्त पडला तर छेद काचेवरून धुऊन जातो आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते. जमला तर मायक्रोस्कोपखाली ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशात एकेक खनिज आपापल्या रंगात उभं राहतं.

पुण्याच्या आसपासच्या खाणीतला आपला काळा दगड, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, असा बघितला की पाण्याच्या खुणा जागोजागी दिसतात. ऑलिव्हीन या खनिजाच्या कडा तांबूस झालेल्या असतात, म्हणजे आतल्या लोहाला गंज चढलाय. जिथे ज्वालामुखीची काच होती तिथे हिरवट-तपकिरी चिकणमाती झालेली असते. वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट या खनिजांचे पांढरे-गुलाबी स्फटिक भरलेले असतात. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट हे खनिज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. तेही अशाच पोकळ्यांत पाणी झिरपून तयार झालं. पृथ्वीवरचा बेसाल्ट कितीही ताजा शोधा, पाणी आणि ऑक्सिजन त्याला शिवलेले असतात.

वीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठात मला अपोलोच्या बेसाल्टचा छेद बघायला मिळाला. मी डोळा लावला आणि पहिला विचार आला की हा दगड काल थिजलाय. फेल्डस्पार या फिकट खनिजाच्या पट्ट्या नुकत्या धुतलेल्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. पायरॉक्झीन हे दुसरं खनिज पिवळं, निळं, गुलाबी चमकत होतं आणि मध्ये इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाच्या काळ्या सळया होत्या. गंज नाही, चिकणमाती नाही, झिओलाइट नाही. असा दगड मी आयुष्यात हाताळला नव्हता. मग शेजारच्या वहीत वय वाचलं: साडेतीनशे कोटी वर्षांहून जास्त. अपोलो ११ ने आणलेले बेसाल्ट साधारण ३६० ते ३९० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीवर त्या वयाचे खडक अगदी थोडे उरलेत, आणि तेही भाजून, दाबून पार बदललेले. इतका जुना आणि तरी इतका कोरा दगड पृथ्वीवर तयार होऊन टिकूच शकत नाही. त्या दगडांत लोह धातूच्या रूपात, बारीक कणांत सापडतं, म्हणजे तो थिजताना ऑक्सिजन नावालाही नव्हता. अपोलो ११ च्या बेसाल्टात टायटॅनियम ऑक्साइड दहा टक्के किंवा त्याहून जास्त आहे. आपल्या दख्खनच्या दगडात ते साधारण दोन-तीन टक्के असतं.

मुलगा म्हणेल, प्रयोगशाळेत भट्टी लावून असा दगड बनवला असेल. रासायनिक मिश्रण बनवता येईल, हे मी मान्य करतो. पण पृष्ठभागाचं काय? चंद्रावर उघड्या पडलेल्या दगडांवर सुईच्या टोकाहून लहान खळगे असतात. प्रत्येकाच्या आत काचेचं अस्तर आणि भोवती फुटलेल्या खनिजाचं पांढुरकं वलय. हे धुळीच्या कणाएवढ्या उल्कांचे मार आहेत. पृथ्वीवर तसले कण वातावरणातच संपतात, जमिनीवरच्या दगडापर्यंत ते त्या वेगाने पोहोचत नाहीत. काही दगडांची मातीत रुतलेली बाजू या माराविना राहिलेली आहे, वरची बाजू मात्र खळग्यांनी भरलेली.

याहून खोलवरची खूण वैश्विक किरणांची. वातावरण नसल्यामुळे अवकाशातून येणारी लोहासारखी जड अणुकेंद्रं थेट चंद्राच्या दगडात घुसतात आणि स्फटिकात सरळ रेषेत जखम करून जातात. रसायनाने ती जखम कुरतडून मोठी केली की मायक्रोस्कोपखाली मोजता येते. जसजसं दगडाच्या आत जावं तसतशा जखमा कमी होत जातात, आणि त्या हिशेबावरून तो दगड किती लाख वर्षं उघड्यावर पडून होता हे काढता येतं. सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे वरच्या काही सेंटिमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियम-२६ सारखे किरणोत्सारी अणू तयार होतात, त्यांचाही स्वतंत्र हिशेब लागतो. आणि हे दोन्ही हिशेब जुळावे लागतात.

हे काम आपल्या मुंबईत झालंय, ताई. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाकडे अपोलोचे नमुने आले होते आणि या जखमा मोजण्यात हा गट जगात अग्रेसर होता. पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झालेले व्ही. एस. वेंकटवरदन त्या गटात होते. नासाने दगड वाटले ते असे देशोदेशीच्या प्रयोगशाळांना. सगळं रचलेलं असतं तर ही माणसं फसण्यातली नव्हती. वैश्विक किरणांवरच ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्यांच्या हातात खोटा दगड दिला असता तर तो पहिल्या आठवड्यातच उघडा पडला असता.

इथे लोणारची आठवण येते. दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे जातो. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेली आघात विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, त्यांतलं लोणार हे नीट टिकलेलं. १९७३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे बोअर घेऊन खोलातून काढलेल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. मॅस्केलिनाइट म्हणजे आघाताच्या धक्क्याने, न वितळता काच झालेला फेल्डस्पार. साधा ज्वालामुखी ते करू शकत नाही. हीच खूण चंद्रावरून आलेल्या दगडांत भेटते. त्यामुळे लोणारचा दगड आणि चंद्राचा दगड शेजारी ठेवून शिकवता येतो. धक्का सारखाच आहे, फक्त लोणारच्या दगडाला नंतर पावसाळे लागले आणि चंद्राच्या दगडाला एकही लागला नाही.

आता आणखी दोन पळवाटा. पहिली, माणसं न पाठवता यंत्रांनी दगड आणले असतील. रशियाने ते करून दाखवलं: १९७० मध्ये लूना १६, १९७२ मध्ये लूना २० आणि १९७६ मध्ये लूना २४. तिन्हींची मिळून माती साधारण ३२६ ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून थोडी जास्त. अपोलो १६ च्या एकाच दगडाचं वजन ११.७ किलो आहे. शिवाय अपोलो १५ आणि १७ च्या माणसांनी अडीच-तीन मीटर खोल नळ्या ड्रिलने घालून थरावर थर जसेच्या तसे आणले. इतकं सगळं त्या काळातल्या कुठल्याही यंत्राने आणलं नव्हतं. आणि रशियाने स्वतःची माती अमेरिकेच्या नमुन्यांशी अदलाबदल करून ताडून पाहिली. खोट सापडली असती तर ती लपवण्याचं रशियाला काहीच कारण नव्हतं.

दुसरी पळवाट म्हणजे अंटार्क्टिकावर पडलेल्या चंद्राच्या अशनी, म्हणजे तिथून उडून पृथ्वीवर आलेले दगड, गोळा करून आणल्या. चंद्रावरून आलेली म्हणून ओळखलेली पहिली अशनी अंटार्क्टिकावर १९८२ च्या जानेवारीत सापडली, आणि ती चंद्राची आहे हे ओळखता आलं तेच अपोलोचे दगड समोर होते म्हणून. अशनी वातावरणातून येताना तिच्यावर वितळलेली काळी साल चढते आणि वरचे बारीक खळगे जळून जातात. बर्फात पडल्यावर पाणी आपलं काम करतंच. अपोलोच्या दगडांत यातलं काहीच नाही.

खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त पटणारा पुरावा १९६९ चा नाहीच, तो नंतर आलेला आहे. अपोलो १७ मध्ये हॅरिसन श्मिट नावाचा भूवैज्ञानिक स्वतः गेला होता. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर त्याला नारिंगी माती दिसली. ते लाव्हाच्या कारंज्यातून उडालेले काचेचे सूक्ष्म मणी होते. चंद्राचे दगड ठणठणीत कोरडे असं आम्ही तेव्हापासून शिकवत आलो, मीही शिकवलं. २००८ मध्ये त्याच मण्यांत पाण्याचा अंश सापडला, दहा लाखांत फार तर पन्नासेक भाग इतकाच. तो शोधणारी इतकी नाजूक यंत्रणा १९७२ मध्ये नव्हती. मला माझ्या टिपणातलं वाक्य बदलावं लागलं. आता विचार करा, खोटे मणी बनवणाऱ्याने त्यात असं पाणी का घातलं असतं, जे मोजायला छत्तीस वर्षं थांबावं लागणार होतं आणि जे त्या वेळच्या प्रत्येक शास्त्रज्ञाच्या समजुतीविरुद्ध होतं?

आणि मग आपलं चांद्रयान. अपोलो ११ च्या मातीत अ‍ॅनॉर्थोसाइटचे (जवळजवळ सगळा फेल्डस्पार असलेल्या फिकट खडकाचे) बारीक पांढरे कण होते. तेवढ्या कणांवरून १९७० च्या सुरुवातीला जॉन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अंदाज मांडला: सुरुवातीला चंद्राचा वरचा भाग वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, त्यात हलका फेल्डस्पार साय धरावी तसा वर तरंगला, आणि त्याचं पांढुरकं कवच झालं. हे खरं असेल तर तसलं कवच अपोलोपासून दूर, दक्षिणेकडेही सापडायला हवं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ दक्षिणेला ६९ अंश अक्षांशाजवळ उतरलं, जिथे आधी कुणी उतरलं नव्हतं. प्रज्ञान रोव्हरने सुमारे १०३ मीटर वाटेत २३ ठिकाणी मातीचं मोजमाप केलं. २०२४ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या लोकांनी निकाल प्रसिद्ध केला: मुख्यतः लोहयुक्त अ‍ॅनॉर्थोसाइट, वितळलेल्या समुद्राच्या कल्पनेशी जुळणारं. अपोलोचे कण कुणी भट्टीत बनवले असते तर चोपन्न वर्षांनी, दुसऱ्या देशाच्या यंत्राला, चंद्राच्या दुसऱ्या टोकाला तेच उत्तर का मिळावं? तो निकाल वाचला तेव्हा मी वर्गात होतो आणि पुढचा तास मी दुसरं काही शिकवू शकलो नाही.

चीनचंही तसंच. २०२० मध्ये छांग-अ ५ या त्यांच्या यानाने १,७३१ ग्रॅम माती आणली. तिचा बेसाल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला, अपोलोच्या बेसाल्टांहून कितीतरी तरुण, पण घराणं तेच. नासाची बाजू सांभाळायची गरज चीनला नाही.

काही पुरावे मी मुद्दाम मागे ठेवतो. अपोलोच्या माणसांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून पृथ्वीवरून सोडलेला लेसर परत येतो हे खरं आहे, पण रशियाच्या लूनोखोद गाड्यांवरही तसे आरसे होते, त्यामुळे माणूस गेलाच असं एकट्या आरशावरून सिद्ध होत नाही. अपोलो ११ च्या दगडांत सापडलेलं आर्मलकोलाइट हे खनिज आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्या नावांतली अक्षरं घेऊन ओळखलं गेलं, पण पुढे ते पृथ्वीवरही सापडलं. उतरलेल्या जागांचे फोटो नासाचे म्हणून मुलगा नाकारेल, तर त्याला चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने टिपलेला अपोलो ११ च्या यानाचा तळभाग दाखवा. तो फोटो इस्रोचा आहे.

आणखी एक गोष्ट त्याला कुठे ना कुठे भेटेल, ती तुम्हीच आधी सांगा. ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात चंद्राचा म्हणून जपलेला एक दगड २००९ मध्ये जीवाश्म झालेलं लाकूड निघाला. तो एका माजी पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंतून तिथे आला होता, कुठल्याही प्रयोगशाळेच्या नमुन्यांतून नव्हे. जाणकारांनी तपासला तेव्हा तो लगेच ओळखू आला. अशाच जाणकारांनी गेली पन्नास वर्षं त्या ३८२ किलोंना हात लावलेला आहे, आणि अजून काम संपलेलं नाही. अपोलो १७ ची एक नळी तिथेच निर्वातात बंद केली होती, ती २०२२ मध्ये उघडली.

"तू होतीस का तिथे?" याचं उत्तर म्हणून मुलाला एक काम द्या. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या आभासी मायक्रोस्कोपवर अपोलोचे खरे पातळ छेद बघता येतात, फिरवून, ध्रुवित प्रकाशात, फुकट. त्यांतला एक बेसाल्ट त्याने निवडावा. मग गावाबाहेरच्या खाणीतून किंवा घाटातून काळ्या दगडाचा ताजा तुकडा फोडून आणावा आणि दहापट भिंगाखाली धरावा. पोकळ्यांतले पांढरे स्फटिक, कडेची तांबूस झाक, हिरवट चिकणमाती, जे जे दिसेल ते त्याने वहीत लिहावं, आणि यातलं चंद्राच्या छेदात काय दिसतं ते स्वतः शोधावं. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट असू द्या, बेसाल्टच्या कपच्या काचेसारख्या उडतात. वही भरली की मला कळवा. त्याच्या दगडाचा छेद मी करून देईन.